शेवटचा पाना

दोन जणांची गाडी घेतली, असं मी गावी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे मोटारसायकल?"

"नाही, चार चाकांची. पण बसतात दोघंच."

पलीकडे जरा शांतता. मग, "पैसे तरी अर्धेच घेतले ना त्याने?"

मागून अब्बांचा आवाज आला. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "पाटे आहेत की स्प्रिंग?"

ही 2017 सालची गोष्ट. इंग्लंडात येऊन मला तेव्हा 19 वर्षं झाली होती. औषधांच्या एका गोदामात मी हिशेब बघतो. आयुष्यभर घरात आल्या त्या शहाण्या गाड्या: मागे मुलं, डिकीत तांदळाची गोणी. चाळिशी उलटल्यावर एक वेडी गाडी घ्यावी असं वाटलं, आणि खिशाला परवडणाऱ्या वेड्या गाड्यांमध्ये इथे एकच नाव पुन्हा पुन्हा येतं. माझदा एमएक्स-5. आमची गाडी मूळ जपानी बाजारातली, म्हणून तिच्यावर 'युनोस रोडस्टर' असं लिहिलेलं. 1992 ची, 1.6 लिटर इंजिन, कापडी छप्पर, आणि बटण दाबलं की बेडकासारखे वर येणारे दिवे. त्या दिव्यांसाठीच घेतली असं म्हटलं तरी चालेल.

ही गाडी जगाने पहिल्यांदा पाहिली ती फेब्रुवारी 1989 मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. इंग्रजांनी पन्नास-साठच्या दशकात हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या पुष्कळ केल्या होत्या आणि त्या चालवण्यापेक्षा ढकलण्यातच त्यांचे रविवार जास्त गेले होते. जपान्यांनी तीच कल्पना उचलली आणि इंजिन रोज सकाळी चालू होईल एवढं बघितलं. तोशिहिको हिराई या इंजिनिअरने या प्रकल्पाची धुरा वाहिली. 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हा त्यांचा मंत्र. वजन एक टनाच्या आत. चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन हातांनी धरलेलं. साध्या गाड्यांत तेव्हा हा थाट नसायचा. एप्रिल 2016 मध्ये या गाड्यांचा आकडा 10 लाखांवर गेला.

हे सगळं मी अब्बांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "बरं. गंज किती आहे?"

अब्बा खेडच्या एसटी डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होते. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन जायचो तेव्हा ते बहुधा एखाद्या बसखाली असायचे आणि बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसायच्या. हातोडीने पाट्यांवर टकटक करत कान देऊन ऐकायचे. सलग पाटा घंटेसारखा वाजतो, तडा गेलेला पाटा मडक्यासारखा. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे.

गाडी पहिले काही महिने छान चालली. पण एक गोष्ट खटकत होती. छप्पर खाली करून खराब रस्त्यावरून गेलं की आरसा थरथरायचा, डॅशबोर्डची काच आणि दाराची काच आपापल्या तालावर हलायच्या आणि स्टीअरिंगमधून एक बारीक कंप हाताला लागायचा. गाडी मोडकी होती म्हणून नव्हे. तिला छप्पर नाही म्हणून.

चपलांचा खोका घ्या. झाकणासकट दोन्ही टोकांना धरून पिळा. पिळला जात नाही. आता झाकण काढा आणि पिळा. बंद गाडीचं छप्पर म्हणजे ते झाकण. ते काढलं की सगळा भार उरतो तो तळावर आणि दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्यांवर. या पेट्यांना इथे सिल म्हणतात, आपण उंबरठा म्हणू. उघड्या गाडीत हा उंबरठा म्हणजेच घराचा वासा. एक कोपरा जॅकवर उचलून दार उघडून बघा. गाडी जुनी आणि सैल असेल तर दार चौकटीला घासतं.

कंपनीलाही हे ठाऊक होतं. 1993 मध्ये 1.8 लिटरचं इंजिन आलं तेव्हा त्यांनी खालून जादा आडव्या पट्ट्या घातल्या आणि सीटच्या मागे, पट्ट्यांच्या दोन खांबांना जोडणारी एक दांडी टाकली. आमची गाडी त्याआधीची. तिच्या नशिबात ते काही नव्हतं.

गावच्या आमच्या गोठ्याचं दार दर पावसाळ्यात खाली झुकायचं. शेवटी सुताराने मागून एक तिरकी पट्टी मारली, खालच्या बिजागरीपासून कडीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. ते दार अजून सरळ आहे. चौकोन सहज कलतो, त्रिकोण कलत नाही. चेसिसला ब्रेस लावणं म्हणजे त्या सुताराचंच काम, फक्त रंग लाल आणि किंमत दहापट.

आता मुलाचं. तो तेव्हा 17 वर्षांचा. माझ्याशी बोलणं म्हणजे हो, नाही आणि पैसे. पण ही गाडी आल्यावर तो स्वतःहून गॅरेजमध्ये यायला लागला. एके दिवशी फोनवर यादी घेऊनच आला. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर. पुढच्या दोन टॉवरना जोडणारी दांडी. खालून तळाच्या दोन रेल्सना जोडणारा फुलपाखराच्या आकाराचा ब्रेस. मला यादीतलं अर्धं कळलं, पण तो माझ्याशेजारी उभा राहून अर्धा तास बोलला हे पूर्ण कळलं. मी हो म्हटलं.

पुढच्या दांडीबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पुष्कळ जण तिथेच पहिले पैसे घालवतात. ज्या गाड्यांना मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या, त्यांत वळणावरचा आडवा जोर वरच्या टॉवरपर्यंत पोचतो. तिथे ही दांडी कामाची. दुहेरी विशबोनमध्ये आडवा जोर विशबोनमधून सबफ्रेममध्ये जातो, टॉवरवर येतो तो मुख्यतः स्प्रिंगचा उभा भार. म्हणून आमच्या गाडीत ती दांडी म्हणजे बॉनेट उघडल्यावर दाखवायचा दागिना. आम्ही ती घेतलीच. चकाकत होती.

कॉइलओव्हर जुने घेतले, कुणीतरी शर्यतीच्या ट्रॅकवर वापरलेले. त्यांच्या स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांपेक्षा जवळपास तिप्पट कडक. आम्हाला वाटलं, कडक म्हणजे चांगलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात केली आणि रात्री 11 ला चारही बसवले. मागचा शॉकअप बाहेर काढायला खालचा विशबोन खाली झुकवावा लागतो, म्हणून मागच्या उजव्या बाजूचे बोल्ट सैल केले. हे बोल्ट साधे नसतात. त्यांच्या डोक्यावर एक तिरपी चकती असते, ती फिरवली की चाकाचा कोन बदलतो. त्यावर खुणा असतात. आम्ही खुणा पाहिल्या नाहीत. मी टॉर्च धरली होती, मुलाने पाना मारला. चाकं हवेत लोंबकळत असताना सगळे बोल्ट करकचून आवळले, गाडी खाली घेतली, पार रस्त्याला टेकवली आणि फोटो काढले.

गाडी दिसायला अशी, की शेजारचा म्हातारा खिडकीतून बघत राहिला. चालायला अशी, की रस्त्यावरचं नाणं छापा आहे की काटा ते पाठीला कळावं. अलाइनमेंट करायचं होतं. पुढच्या आठवड्यात करू म्हटलं. तो पुढचा आठवडा बराच लांबला.

नोव्हेंबर 2018. संध्याकाळ, रिमझिम, रस्त्यावर कुजलेली पानं. मोठ्या रस्त्यावरून खाली उतरणारी एक साधी वळणवाट, वेग ताशी 35 मैलांच्या आसपास. वळणाच्या मध्यावर एक उंचवटा आला. मागची चाकं आधी हलकी झाली आणि मग त्यांनी आम्हाला सोडून दिलं. मी स्टीअरिंग उलट फिरवलं, उशिरा. गाडी स्वतःभोवती फिरली, गवतावर गेली आणि आलो त्या दिशेकडे तोंड करून थांबली. इंजिन बंद. वायपर चालू. समोरून एक मोठा ट्रक हॉर्न देत गेला. दोन-तीन सेकंदांपूर्वी आम्ही त्याच्या वाटेत होतो.

मुलगा शेजारी बसलेला. मी विचारलं, लागलं का? त्याने मान हलवली. घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

बंपरमध्ये अडकलेलं गवत बायकोने सकाळी पाहिलं. तिने आरडाओरडा केला नाही. चहा ठेवला आणि म्हणाली, "गाडी ठेवायची की विकायची ते तुम्ही ठरवा. माझा मुलगा तिच्यात बसणार नाही."

पण खरा प्रश्न तो नव्हता. मुलगा गॅरेजमध्ये यायचाच बंद झाला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की मागचं चाक बाहेरच्या बाजूला उघडं राहिलं, म्हणजे टो-आउट झालं, की गाडी ओल्या वळणावर असंच करते. मागच्या उजव्या चाकाचा बोल्ट त्याने आवळला होता. गणित सोपं होतं आणि त्याने ते एकट्याने केलं. मी त्याला सांगितलं की चूक माझी, टॉर्च माझ्या हातात होती, अलाइनमेंट मी ढकलत राहिलो, गाडी मी चालवत होतो. तो "ओके पप्पा" म्हणाला. सतरा वर्षांच्या पोराचं ओके म्हणजे बंद दार.

त्या रविवारी गावाहून नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. मी अब्बांना सगळं सांगितलं, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. अब्बा तेव्हा 78 वर्षांचे, हात थरथरायला लागलेले. ते पहिल्यांदा म्हणाले, "शेवटचा पाना कुठे मारलास? हवेत की जमिनीवर?"

"हवेत."

"31 वर्षं तुझा डबा फुकट खाल्ला मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्याला बोलाव."

दोघांचं बोलणं मी दाराआडून ऐकलं, हे इथे कबूल करतो. अब्बा नातवाला सांगत होते की नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी एका बसचे मागचे पाटे बदलले. पाट्यांना आसाशी बांधणारे यू-बोल्ट आवळले, बस सोडली. नवे पाटे पहिल्या फेरीत बसतात, दबतात, आणि बोल्ट सैल पडतात. म्हणून ते पुन्हा आवळायचे असतात. त्यांनी आवळले नाहीत. कशेडी घाटात सेंटर बोल्ट तुटला आणि मागचा आस एका बाजूने सरकला. बस खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. ड्रायव्हर जुना होता, त्याने डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवली. गाडीत लग्नाची माणसं होती. कुणाला काही झालं नाही.

"मग तुम्हाला काढलं?" मुलाने विचारलं.

"नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बसखाली घातलं. आणि पहिल्या फेरीला त्याच बसमध्ये बसवलं."

ही गोष्ट मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. आईनेही नाही, असं नंतर कळलं.

पुढच्या शनिवारी मुलगा जुने कपडे घालून गॅरेजमध्ये उतरला. आम्ही फोन पिंपावर टेकवला, पलीकडे अब्बा. गाडी चार स्टँडवर. त्यांनी आधी स्प्रिंगांबद्दल विचारलंच नाही. म्हणाले, "उंबरठा वाजवून दाखव." मुलाने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर पुढून मागे टकटक करत नेलं. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाजवळ, थप. फोनमधून अब्बांना काय ऐकू आलं असेल देव जाणे, पण मला पहिल्यांदा आयुष्यात दोन आवाजांतला फरक कळला. मुलाने स्क्रूड्रायव्हर उलटा करून टोक टेकवलं. काळं डांबरी लेपन, त्याखाली रंग, त्याखाली लांबी, पेंटर लोक खड्डे बुजवायला वापरतात ती. आणि त्याखाली काहीच नाही. टोक आत गेलं.

या गाडीला हे दुखणं इथून लागतं: छपरावरचं पावसाचं पाणी सीटच्या मागच्या दोन बारीक नळ्यांमधून खाली जातं. नळीत पाला-कचरा अडकला की पाणी उंबरठ्याच्या आत साचतं. पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकचकीत. त्यात इथल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, खारा वारा खिडकीच्या गजांचं काय करतो ते जन्मापासून बघितलेलं. पण इथे लोक स्वतःच्या हाताने रस्त्यावर समुद्र पसरतात हे मला अजून पचलेलं नाही. आमची गाडी जपानहून आली तेव्हा कोरी करकरीत असणार. पुढची वीस वर्षं तिने मीठ खाल्लं.

इथे दरवर्षी गाडीची सरकारमान्य तपासणी होते. सस्पेन्शन, सीटबेल्ट वगैरे जिथे जोडलेले असतात त्या जागांपासून 30 सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा दुबळा झाला असेल तर गाडी नापास. तिथे लांबी भरून चालत नाही, पत्रा सलग वेल्ड करावा लागतो. तपासणाऱ्याला मात्र गाडी खोलायची मुभा नसते. जाड लेपनाखाली काय आहे ते त्याला दिसलं नाही यात त्याचा दोष नाही. विकणाऱ्याला ठाऊक होतं की नाही, हा विचार मी सोडून दिला आहे.

तो फुलपाखरू ब्रेस आम्ही घेऊन ठेवला होता. खोक्यात होता. तो लावला असता तर काय झालं असतं? थरथर थोडी कमी झाली असती, आम्ही खूश झालो असतो, आणि गाडीचा वासा आतून कुजतच राहिला असता. ब्रेस ताकद देत नाही, तो जोर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो. त्या दुसऱ्या जागी पत्राच नसेल तर? आम्ही तो ब्रेस विकला, ट्रॅकवाले कॉइलओव्हर विकले, आणि पैसे वेल्डरला दिले. पुरले नाहीत, अर्थात.

वेल्डर पोलंडचा. कमी बोलायचा. मी त्याला म्हटलं, कुजलेलं कापून काढ. त्याने आधी दाराच्या चौकटीत आडवी एक नळी टाके मारून बसवली. मुलाने कारण विचारलं तर त्याने हाताची ओंजळ करून मध्ये वाकवून दाखवली. उघड्या गाडीचा उंबरठा कापला की गाडी मध्ये बसते, आणि तशीच वेल्ड झाली तर दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. एका बाजूचं पूर्ण झाल्याशिवाय त्याने दुसऱ्या बाजूला हात लावला नाही. कापलेला तुकडा त्याने मुलाला दिला. तपकिरी, पापुद्रे सुटलेला, खाजासारखा. तो तुकडा अजून त्याच्या खोलीत फळीवर आहे. बायकोला तो फेकायचा असतो.

मग राहिली आमची कामं, आणि त्यात अख्खा हिवाळा गेला.

सगळ्यात जास्त रक्त प्यायले ते चकतीवाल्या बोल्टांनी. असे एकूण आठ. बुशच्या मध्ये एक लोखंडी नळी असते, बोल्ट तिच्यात गंजून एकजीव होतो. फिरवला की बोल्ट फिरतच नाही, रबर तेवढं पिळलं जातं. पाच निघाले: रोज रात्री तेल, रोज सकाळी हातोडी, मध्ये उष्णता. तीन करवतीने कापले. नवे बोल्ट बसवताना त्यांना जाम न होणारं ग्रीस लावलं. त्या पाच मिनिटांसाठी आधीच्या मालकांपैकी कुणालाही वेळ नव्हता.

बुश कुठले, यावर लोक रात्र रात्र भांडतात. पॉलियुरेथेनचे कडक, टिकाऊ, स्टीअरिंग नेमकं करणारे, पण वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही की जुन्या पलंगासारखे करकरतात. आम्ही मूळचे रबरी घेतले. आणि इथेच अब्बांचा प्रश्न. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. चाक वर-खाली होतं तेव्हा तो सरकत नाही, पिळतो. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराला तीच आपली जागा वाटते. मग गाडी जमिनीवर उतरताक्षणी तो पिळलेला, रस्त्यावरचा प्रत्येक क्षण पिळलेला, आणि थोड्याच काळात फाटतो. शिवाय स्प्रिंग नसल्यासारखा स्वतःचाच एक जोर लावत राहतो. म्हणून बोल्ट नुसते लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची, आणि मग खाली शिरून शेवटचा पाना मारायचा. जागा वीतभर असते. आम्ही चाकांखाली लाकडी ठोकळे रचून जागा केली. कंबर लागली.

शॉकअप बिलस्टाइनचे घेतले आणि स्प्रिंगा मूळपेक्षा किंचितच कडक. गाडी आधी पार रस्त्याला टेकली होती, आता मूळ उंचीपेक्षा फक्त 20 मिलिमीटर खाली आहे. या गाडीत चाकाला वर जायला मुळातच जागा थोडी. जितकी गाडी खाली कराल तितकी ती जागा संपते, आणि मग चाक स्प्रिंगवर नाही, शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आपटतं. त्या वळणावर तेच झालं होतं. उंचवट्यावर मागचं चाक ठोकळ्याला टेकलं, त्या क्षणी तिथलं सस्पेन्शन संपलं, आणि उघडं राहिलेल्या चाकाने उरलेलं काम केलं. स्प्रिंग उसळी देते, शॉकअप ती उसळी गिळून तेलात उष्णता करून टाकतो. दोघांचा संसार जुळला पाहिजे. जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग म्हणजे म्हाताऱ्याच्या हातात उधळलेला बैल.

अलाइनमेंट यंत्रावर केलं, दोन्ही सीटवर आमच्या वजनाची पोती ठेवून. पुढच्या चाकांचा कल उणे 1 अंश, मागच्यांचा उणे दीड, आणि मागची चाकं किंचित आत, म्हणजे टो-इन. छापलेला कागद निघाला. जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी. मागच्या उजव्या चाकाचा जुना आकडा मुलाने बराच वेळ पाहिला. मग त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मी काही बोललो नाही.

सगळ्यात शेवटी ब्रेस लावला, साधा: नंतरच्या 1.8 गाड्यांना कंपनीनेच जी खालची पट्टी दिली होती, ती एका मोडीत निघालेल्या गाडीची. फरक पडला का? पडला. आरसा आता बोलतो, ओरडत नाही. पण खरं सांगतो, थरथर जी गेली त्यातली बहुतेक वेल्डरने घालवली होती.

एप्रिल 2019 मध्ये गाडी बाहेर काढली. पहिली फेरी आम्ही दोघांनीच. बायको दारात उभी होती. तिने बस म्हटलं नाही आणि बसू नको असंही म्हटलं नाही. त्याच वळणावर गेलो. पाऊस नव्हता, आणि मी बैलगाडीच्या वेगाने होतो, तरी उंचवट्यावर पोटात गोळा आला. गाडी एकदा वर झाली, एकदा खाली, आणि शांत. मुलगा म्हणाला, "पुन्हा एकदा जाऊ." पुन्हा गेलो. परत येऊन गाडी थंड व्हायची वाटही न बघता तो खाली शिरला आणि बोल्ट तपासले. दोन जरासे फिरले.

तेव्हापासूनचा आमचा नेम ठरलेला आहे. पानगळ संपली की सीटमागच्या नळ्यांमधून जाड नायलॉनची दोरी घालून कचरा काढायचा आणि तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडतं का बघायचं. हिवाळ्यात मीठ पडलं की पहिल्या कोरड्या दिवशी पाइपने तळ धुवायचा, चाकांच्या कमानींच्या आतून. वर्षातून एकदा उंबरठ्याच्या पोकळीत मेणाचा फवारा. बॉल जॉइंटची रबरी टोपडी फाटली नाहीत ना, शॉकअप ओला दिसतो का, अँटी-रोल बारच्या छोट्या दांड्या खडखडतात का. जॅक लावायचा तो उंबरठ्याच्या ठरलेल्या जागीच. तळाच्या लांब रेल्सवर लावला की पातळ पत्रा पापडासारखा बसतो, आणि नंतर ब्रेस लावायला सरळ जागा उरत नाही. आमच्या गाडीची डावी रेल कुणीतरी आधीच बसवलेली आहे. रोज दिसते.

अब्बा 2021 मध्ये गेले. गाडी त्यांनी फोनवरच पाहिली. छप्पर उघडं टाकून गावच्या खड्ड्यांतून ही चालेल का, असं एकदा त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं नाही. म्हणाले, मग एसटीच बरी.

गेल्या वर्षी मुलाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. 22 वर्षांचा झाला होता. म्हणाला, गाडी घेऊन जाऊ का? मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. "पावसात हळू," एवढंच म्हणाली, आणि डब्यात भाकऱ्या बांधायला आत गेली.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्याने पुढचे बॉल जॉइंट बदलले. मी टॉर्च धरली. गाडी चाकांवर उतरवली, ठोकळे रचले, तो खाली शिरला. बाहेर त्याचे बूट तेवढे दिसत होते.

रविवारी दुपारी निघाला. संध्याकाळी फोन आला. मागे गाड्यांचा आवाज, कुठल्यातरी पेट्रोल पंपावर असावा.

"पप्पा, 90 मैल झाले. थांबून बघितले."

"मग?"

"एक फिरला. अर्धा फेरा."

"कुठला?"

"मागचा उजवा," तो म्हणाला आणि हसला.